धोंडू परब राजा होतो

दशावतारात कागदावर लिहिलेलं काही नसतं. नटानं उभं राहायचं आणि सुचेल ते, पण राजाला शोभेल अशा शुद्ध मराठीत बोलायचं. बावीस वर्षं ऐकून ऐकून धोंडू परबाला सगळे राजे पाठ होते. त्याच्या वाट्याला मात्र पेटारा. मंडळींचे कपडे, मुकुट, तलवारी डोक्यावर घेऊन तो जत्रेजत्रेला पायपीट करी. एकदा तरी राजा व्हावं, एवढीच त्याची इच्छा. मालक गुरुदास नाईक म्हणत, "कष्ट कर रे. कष्टाक फळ येताच." एवढं बोलून मालक पान चघळत मागून रिकाम्या हातांनी चालत.

साठ साली वालावलच्या जत्रेत राजाचं काम करणाऱ्या लवूचा ऐन वेळी घसा बसला. दुसरं कोणी मोकळं नव्हतं, म्हणून मुकुट धोंडूला मिळाला. ऋषी झालेल्या मालकांनी आपला लाडका प्रश्न टाकला, "राजा, तुझ्या या वैभवाचं रहस्य काय?" 'अखंड कष्ट, मुनिवर' एवढंच म्हणायचं होतं. पण समोरची गर्दी बघून धोंडूची शुद्ध मराठी पळाली.

"महाराज, खोटा कित्याक सांगू? बावीस वर्सां पेटारो व्हावलंय, तेवा कोणी राजा केल्यान नाय. लवूचो घसो बसलो, म्हणान राजा झालंय!"

माणसं हसून लोळली. मालकांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण धंद्याचं डोकं शाबूत होतं. "आठ दिसांनी कट्टा गावची जत्रा. थयसर ह्याच बोल. लोक हसले, तर लवू बरो झालो तरी राजा तूच."

मग धोंडूनं कष्ट केले म्हणजे केलेच. आठ दिवस उठता-बसता तेच वाक्य. गोठ्यातही तेच. शेवटी बायको शेवंती कावली, "आता गप रवा. म्हशीन दूद चोरल्यान!"

कट्ट्याच्या जत्रेत त्यानं एक अक्षर न चुकता वाक्य म्हटलं. कोणी हसलं नाही. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यानं जांभई दिली. आत आल्यावर धोंडूला रडूच फुटलं.

"कष्ट कमी पडले तुझे," मालक म्हणाले.

धोंडूनं डोळे पुसले. "नाय, मालक. वालावलाक काय्येक करूक नाय, तेवा लोक हसले. हयसर आठ दिस मर मर मेलंय, म्हणानच पडलंय."