हेल्यांनी तोडलेला सौदा

भावताव मी शाळेत नाही, बैलबाजारात शिकलो. सोळाव्या वर्षी पंक्चर काढायचं सामान घेऊन बाजाराच्या तोंडाशी बसायचो आणि गिऱ्हाईक नसलं की दलालांचे हात बघत राहायचो. तिथला कायदा एकच आहे. तोंडाने काहीही बोला, शपथा घ्या, रडून दाखवा, पण हातावर हात पडेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं. हात पडला की मग देव आला तरी बदल नाही.

ह्या एका कायद्यावर मी माझं गॅरेज उभं केलं आणि ह्याच कायद्याने माझं एकदा नुकसान केलं. त्या दिवशी माझा काही दोष नव्हता. दोष होता दोन हेल्यांचा आणि त्यांच्या मालकिणीचा. हेले म्हणजे रेडे. आमच्या धानाच्या पट्ट्यात चिखलात बैल दमतो, हेला दमत नाही.

माझं गॅरेज नागभीडच्या थोडं पुढे, रस्त्याला लागून आहे. जुन्या फोर व्हील ड्राइव्ह जीपा पुन्हा जंगलात चालण्याजोग्या करणं हे माझं काम. लिलावात निघालेली, बॉनेटवर वेल चढलेली जीप मी आणतो. स्प्रिंगचे पाटे वाढवून तिला वीतभर उचलतो, सायलेन्सर टपापर्यंत वर नेतो, इंजिनात हवा जायची नळीसुद्धा वर काढतो, म्हणजे नाल्यात बुडाली तरी इंजिन पाणी पीत नाही. ही नळी मी बोअरवेलच्या पाइपाची करतो. लोक हसतात, मग तीच मागतात.

तेव्हा माझ्याकडे पक्कं शेड नव्हतं. ताडपत्रीखाली इंजिनं उघडायची आणि पावसाळ्यात त्यांच्यावर छत्री धरायची. शेड बांधायचं तर वर्षभराचं काम हातात हवं होतं, आणि ते काम गडचांदूरकडच्या एका ठेकेदाराच्या अंगणात उभं होतं. चार जुन्या जीपा. त्याला त्या खाणीकडच्या आणि जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर चालवायच्या होत्या. मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्याने चहा पाजला आणि जीपा कामाला दिल्या नाहीत.

"मिस्त्री, सगळेच म्हणतात आमची गाडी फसत नाई," तो म्हणाला. "आषाढात ती पोट्ट्यांची चिखलाची शर्यत आहे ना, तिथी मी येतो. तुमची गाडी आरपार गेली तर चारही तुमच्या."

ही शर्यत चंद्रपूरकडच्या हौशी लोकांची. रंगीत हेल्मेट घालून ते वर्षातून एकदा चिखलात गाड्या फसवतात आणि एकमेकांना ओढून काढतात. त्या वर्षी त्यांना ब्रह्मपुरीच्या बाजूला एक मोठी बांधी मिळाली होती. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेलं धानाचं शेत. एका वयस्क बाईंची होती आणि त्यांनी ती फुकट दिली होती. ऐन धान रोवायच्या दिवसांत कोणी आपलं शेत गाड्या नाचवायला फुकट का देईल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी धंदेवाला माणूस आहे. पण माझ्या डोक्यात चार जीपा होत्या.

माझी जीप चांगली होती, पण धानाच्या चिखलात नुसता चांगुलपणा चालत नाही. वरून पाणी, खाली लोण्यासारखी माती. रबरी टायर तिथे जागेवर फिरतो आणि स्वतःसाठी खड्डा खणतो. मी आठवडाभर विचार केला. एक दिवस समोरून ट्रॅक्टर गेला, त्याच्या ट्रॉलीत चिखलणीची, म्हणजे रोवणीआधी शेताचा चिखल करायची, केजव्हीलं होती. टायराऐवजी लावायचा तो गोल लोखंडी पिंजरा, ज्याच्या पट्ट्या माती कापत जातात. मी उठलो आणि वेल्डरकडे गेलो. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि दहा वर्षांनी सावकाश.

"भाऊ, जीपले केजव्हील बसवायचे आहे. चारही."

त्याने चष्मा वर केला. "जीपले?"

"हो."

"मंग मागं फाळ पण लावून देऊ का? बसल्या बसल्या वखरणी होऊन जाईन."

"तुम्ही भोकं पाडा. बोलायचे पैसे मी देत नाई."

"म्हणून तं फुकट बोलून राह्यलो," तो म्हणाला आणि भोकं पाडायला घेतली.

पॉवर टिलरची लहान केजव्हीलं होती. मधल्या पत्र्याला जीपच्या पाच बोल्टांप्रमाणे भोकं पाडली. पुढची चाकं वळताना मडगार्डला घासत होती, म्हणून मडगार्डच कापून टाकले. डांबरी रस्त्यावर लोखंड चालत नाही, म्हणून जायचं रबरी टायरांवर, केजव्हीलं टपावर बांधून. बायको दारातून बघत होती. ती म्हणाली, "गाडी नेऊन राह्यले का कोंबड्याचे खुराडे?" मी दोर आवळला. मोठ्या कामात उत्तरं देत बसलं की काम लहान होतं.

शर्यतीच्या दिवशी मी जीप बांधावर उभी केली, जॅक लावला आणि टायर काढून केजव्हीलं चढवली. लगेच पंच आला. छातीवर शिट्टी, हातात नियमांचा कागद.

"काका, हे चालणार नाही."

"कुठी लिहिलं आहे?"

त्याने कागद दोन्ही बाजूंनी वाचला. इंजिनाबद्दल लिहिलं होतं, सीटच्या पट्ट्याबद्दल होतं, दारू पिऊन येऊ नये असंही होतं. चाक कशाचं असावं हे नव्हतं. मी त्याला कागद मोठ्याने वाचायला लावला. मग माझा आवाज थोडा वाढला. लोक सांगतात तेवढा वाढला नव्हता, पण बांधाच्या टोकाला बसलेले बगळे उडाले हे खरं आहे. शेवटी पंच म्हणाला, "बरं, तुम्ही सर्वांच्या शेवटी जा."

"मी पहिला जाईन," मी म्हणालो. दुसऱ्याच्या मागे मी कधी रांगेत उभा राहिलेलो नाही. आज विचार केला तर तिथे एक मिनिट गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

ठेकेदार समोरच्या बांधावर पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून उभा होता. त्याच्या बाजूला त्या बाई. नऊवारीचा काष्टा घातलेला, डोक्यावर मोरा, म्हणजे पावसाची पानांची टोपी, आणि मागे झाडाखाली जोडीने उभे दोन हेले, रवंथ करत.

मी चारही चाकांची ताकद लावली, लो गिअर टाकला आणि उतरलो. काय सांगू. जीप चिखलात गेली ती सुरी लोण्यात जाते तशी. लोखंडी पट्ट्या फचफच करत माती उलटत होत्या आणि गाडी तरंगल्यासारखी चालत होती. बांधावर शिट्ट्या सुरू झाल्या. आरपार जायला दोन मिनिटं लागली. तिथे थांबायचं होतं.

पण पलीकडच्या टोकाला बाई हात करून ओरडत होत्या, "वा भाऊ, वा. आता तिकडून घे. त्या बाजूनं."

मला वाटलं, कौतुक चाललंय. मी वळवली.

"ह्या कोपऱ्यात नाई गेला तू."

गेलो. शिट्ट्या वाढल्या. ठेकेदारही हसत होता, म्हणून मी आणखी एक आडवा फेरा मारला, मग उभा. बाई बांधावरून माझ्याबरोबर चालत होत्या आणि बोटाने दाखवत होत्या. "तिथी गवत राह्यलं. हं. आता बराबर." पंधरा मिनिटांनी मी बाहेर आलो तेव्हा बांधीत एक ढेकूळ शिल्लक नव्हतं. पाणी आणि माती एकजीव, वर साय धरल्यासारखी चमक.

बाईंनी वाकून चिखलात हात घातला, बोटांत चोळून पाहिला आणि शेजारणीला म्हणाल्या, "उद्या सकाळी बाया घेऊन ये. पऱ्हे उपटून ठेवजो." पऱ्हे म्हणजे रोवायची धानाची रोपं. तेव्हा मला कळलं की शेत फुकट का मिळालं होतं. शर्यतीच्या गाड्यांकडून त्यांना थोडीफार चिखलणी होईल अशी आशा होती. मी एकट्याने सगळी करून दिली.

हे मी गिळलं, कारण चार जीपा आल्या होत्या असं मला वाटत होतं. मी ठेकेदारासमोर गेलो आणि हात पुढे केला. त्याने हात मागे बांधले.

"मिस्त्री, हे तं नांगर झालं. माह्या गाड्या निम्म्या डांबरी रस्त्यानं जातात. रबरी टायर लावून जाऊन दाखवा, मंग बोलू."

"शब्द आरपार जायचा होता शेठ. गेली ना आरपार?"

"टायरवर."

"टायरचं नाव नव्हतं काढलं तुम्ही."

"गाडी म्हटलं होतं. गाडीले टायर राहते."

शांत माणूस म्हणाला असता, शेजारच्या बांधीत दाखवतो. मी म्हणालो, "इथीच दाखवतो," आणि रागारागात पान्हा घेऊन चाकं बदलली. माझ्या हाताने लोण्यासारखी केलेली बांधी समोर होती. मी टायरांवर उतरलो. जीप बांधाच्या कडेकडेने पंधरा-वीस हात गेली आणि खाली बसली. थांबली असं नाही, बसली. पाणी बॉनेटवर आलं. पण इंजिन चालू होतं, बोअरवेलच्या पाइपातून श्वास घेत होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या दिवशी ह्याची कोणीच दखल घेतली नाही.

हौशी लोकांनी दोर टाकून पाहिला. त्यांची ओढायला आलेली गाडीही बांधाच्या कडेला रुतली. मग बाई झाडाखालून हेले घेऊन आल्या.

"काढून देऊ का भाऊ?"

"काय घेणार?"

"पैसे काऊन घेऊ तुह्याकडून. ते लोखंडी चाकं लावून बाजूची बांधी करून दे."

"अर्धी."

"मंग हेले अर्धेच ओढतीन."

मी गाडीत छातीपर्यंत चिखलात बसलो होतो. अशा जागी माणसाला भाव फार ताणता येत नाही. मी हो म्हणालो. बाईंनी जीपच्या हुकाला साखळी लावली आणि हेल्यांना जुवाला जुंपायला गेल्या.

तेवढ्या वेळात ठेकेदार पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावरून माझ्या जवळ आला. बांध तिथून दीड हातावर होता.

"एक जीप देतो," तो म्हणाला. "तुमची मेहनत पाहून."

"चार ठरल्या होत्या."

"बुडाली ना मिस्त्री."

"बुडाली, पण बंद पडली नाई. ऐका. बॉनेटवर पाणी आहे आणि इंजिन गाणं म्हणून राह्यलं. तुमच्या ड्रायव्हरांना विचारा, पावसाळ्यात किती गाड्या ओढून आणाव्या लागतात."

तो ऐकत राहिला. इंजिन खरंच सुरेख चालत होतं. "दोन," तो म्हणाला.

"चार."

"दोन, मिस्त्री."

"तीन करा. हवेची नळी मी वरून फुकट बसवून देतो."

तो नळीकडे पाहत होता. हा क्षण मी ओळखतो. माणूस वस्तूकडे बघतो तेव्हा त्याचा भाव आतून मोडलेला असतो. त्याने मान हलवली, वाकला आणि हात पुढे केला. तिनाचा हात होता तो. मीही खिडकीतून हात काढला. मधे वीतभर अंतर होतं.

बाईंनी हेले हाकले.

जीप फचाक करून उसळली. माझा हात पुढे गेला, ठेकेदाराचा तिथेच राहिला आणि मागच्या चाकांनी सगळा चिखल त्याच्या अंगावर उडवला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, चष्मा, सगळं बांधीच्या रंगाचं. मी खिडकीतून ओरडत होतो, "बाई, थांबवा, थांबवा हेले," आणि बाई ओरडत होत्या, "आता थांबले तं परत फसन, भाऊ."

बांधावर आल्यावर मी पळत गेलो. ठेकेदार कोणाच्या तरी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत होता.

"तीन ठरल्या शेठ."

"हात कुठी लागला?" तो म्हणाला. "दोन."

बाजाराचा कायदा होता. मी हात पुढे केला. दोनवर पडला.

बाईंना मी संतापून विचारलं, "एक मिनिट थांबता येत नव्हतं?" त्या जू सोडत होत्या. म्हणाल्या, "तू गाडी काढायले सांगितलं होतं का बाजार भरवायले?" मग बाजूची बांधी दाखवली. दुपारभर मी केजव्हीलं लावून ती चिखलत होतो आणि एका जीपचा हिशेब मनात घोकत होतो. शेड झालं, पण निम्मं. उरलेल्या निम्म्यावर अजून ताडपत्री आहे आणि ती पाहिली की मला ते हेले आठवतात.

गेल्या महिन्यात मूलच्या रस्त्यावर ठेकेदाराची ती तिसरी जीप दिसली. दुसऱ्या कुठल्या गॅरेजात उचललेली. पाटे उलट्या क्रमाने लावलेले, मागचं टोक बदकासारखं हलत होतं. मी तिला थांबवलं, ड्रायव्हरला उतरवलं, खाली शिरून यू-बोल्ट आवळले आणि त्याला अर्धा तास झापलं, जणू त्यानेच बसवले होते. त्याने जाऊन मालकाला सगळं सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला.

"मिस्त्री, ती पण पाठवू का तुमच्याकडं?"

"पाठवा," मी म्हणालो. "पण दुसऱ्याने बिघडवलेली गाडी आहे. भाव वेगळा लागन."

त्याने फोन ठेवला. मी अजून फोन केलेला नाही. चूक त्याची आहे, फोनही त्यानेच करायचा.