एक जूनच्या मुलीचा खरा वाढदिवस

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना अशा चर्चेच्या साइटवर येऊ द्यावं का, यावर इथं गेले आठ दिवस घमासान चाललंय. मी सगळं वाचतोय. दोन्ही बाजूंचं पटतं, म्हणून गप्प होतो. पण काल एका ताईंनी लिहिलं, ‘आईवडिलांनी पासवर्ड घेऊन ठेवावा, अधूनमधून बघत राहावं, बस झालं’ – आणि मला राहवेना. मी पासवर्ड घेतला होता. बघितलंही होतं. तेच सांगतो.

आधी एक स्पष्ट करतो. भूतखेत, आत्मा-बित्मा यांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमचं घर बौद्ध. माझ्या वडिलांनी देव्हारा उचलून कयाधू नदीत सोडला, तेव्हापासून घरात अंगारा नाही, नवस नाही, उतारा नाही. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. एका गावी शाळेमागच्या चिंचेखाली जायला पोरं घाबरायची, तर मी मुद्दाम तिथं बसून डबा खायचो. असा माणूस हे लिहितोय म्हणून सोबतचे गुरुजी हसतील. हसू द्या.

माझी मुलगी प्रज्ञा. जन्म १९९३ चा, शिरड शहापूरचा, तिच्या आईच्या माहेरचा. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. मी तेव्हा कनेरगाव नाक्याजवळच्या एका शाळेत होतो, नोकरी नवी, रजा मिळेना. आठ-दहा दिवसांनी पोस्टकार्ड आलं – ‘लेक झाली. दोघी बराबर हायत.’ सासूबाईंना लिहिता येत नव्हतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. त्यात तारीख नव्हती. मीही विचारली नाही. कुसुमला, म्हणजे माझ्या बायकोला, ठाऊक होती ना! घरातल्या असल्या गोष्टी बायकांनी लक्षात ठेवायच्या, असंच आमचं आपलं चालायचं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, कापसाची वेचणी आली, की एका सकाळी कुसुम शिरा करायची. “आज पोरगी वर्साची झाली,” म्हणायची. मी शिरा खाऊन शाळेत जायचो. पुढच्या वर्षीही तसंच. तिसरा शिरा झाला नाही. कुसुम काविळीनं गेली, तेव्हा प्रज्ञा अडीच वर्षांची होती.

आता एक जूनचं सांगतो. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजवायला नको, पण बाकीच्यांसाठी... आमच्याकडे जन्मतारीख माहीत नसलेलं पोर शाळेत आलं की गुरुजी दाखल्यात ‘१ जून’ लिहितात. वर्ष असं धरायचं, की वय पहिलीला बराबर बसलं पाहिजे. मी स्वतः कितीतरी पोरांना एक जूनला जन्माला घातलंय. प्रज्ञाला आई नव्हती, घरी ठेवायची कुणाजवळ? पाच पूर्ण नसतानाच तिला माझ्याच शाळेत पहिलीत बसवली आणि रजिस्टरमध्ये माझ्याच हातानं लिहिलं – १ जून. त्या दिवशी मला त्याचं काहीच वाटलं नाही. सासूबाई तेव्हा होत्या, त्यांना विचारलं असतं तर निदान वार तरी कळला असता. विचारलं नाही. पुढं त्याही गेल्या.

२००६ मध्ये आम्ही हिंगोलीत राहायला आलो. दोन खोल्या, आम्ही दोघंच. शिक्षकांना कॉम्प्युटरचा कोर्स सक्तीचा झाला म्हणून घरी कॉम्प्युटर आणला, फोनवरून नेट घेतलं. मला माउस धरताना घाम फुटायचा आणि प्रज्ञा आठवड्यात मराठी टाइप करायला लागली. ती नववीत होती, वय तेरा. शाळेत फार बोलायची नाही. घरीही नाही, कारण मीही बोलका नाही. भाजी बरी झाली, दप्तर भरलं का, दिवा बंद कर – एवढंच आमचं बोलणं. ती या अशाच एका मराठी साइटवर जायला लागली आणि घरात एकटीच हसायला लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिथं तिनं एक धागा काढला – ‘मला माझा वाढदिवस कुणी शोधून देईल का?’ एक जूनची सगळी गोष्ट लिहिली. लोकांनी अशी धमाल केली की विचारू नका! कुणी लिहिलं, आमच्या घरात चौघांचा एक जून, एकच केक पुरतो. कुणी म्हणालं, आमच्या तालुक्यात एक जूनला सार्वजनिक सुट्टी द्या. मीही वाचून हसलो. त्या हसण्यात एक प्रतिसाद होता, ‘शेवंती’ नावाच्या सभासदाचा. ‘मला ठावं हाय तुझा वाढदिवस. सांगते.’ त्याखाली पुण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, ‘शेवंतीताई, तुम्ही ओळखता का प्रज्ञाला?’ त्याला उत्तर नव्हतं. मीही ते थट्टेतलंच समजलो.

पंधरा-वीस दिवसांनी संध्याकाळी मी भाकरी थापत होतो. प्रज्ञा चुलीजवळ येऊन – म्हणजे गॅसजवळ, सवयीनं चूलच म्हणतो – उभी राहिली.

“बाबा, माझा खरा वाढदिवस सापडला.”

तिनं तारीख सांगितली. गुरुवार होता म्हणाली. दिवेलागणीची वेळ होती, नेमकी लाईट गेलेली होती, चिमणीच्या उजेडात झाले मी, म्हणाली.

“कोण म्हणतं?”

“शेवंती. ती म्हणे, उजव्या कानामागं केसात तीळ हाय तुझ्या. मला दिसून नाही राहिला. तुमी बघा ना, बाबा.”

मी हात पुसले. तिचे केस बाजूला केले. तीळ होता. दहा वर्षं ज्या पोरीच्या वेण्या मी घातल्या, तिच्या कानामागचा तीळ मी कधी पाहिला नव्हता, आणि कुठल्याशा अनोळखी माणसाला तो माहीत होता.

तुम्हीच सांगा, तुम्ही असतात तर काय केलं असतं? बाईचं नाव घेऊन बोलणारे बाप्ये असतात, हे आमच्या स्टाफरूममध्ये रोज ऐकत होतो. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

“फोटो मागितला का तिनं? पत्ता? शाळेचं नाव?”

“न्हाई बाबा.”

“मग काय बोलते रोज?”

“जेवली का, इचारते. तेवढंच.”

“तेवढंच कशाला विचारील कुणी? काहून विचारील?”

माझा आवाज चढला होता. प्रज्ञानं ताट वाढून घेतलं आणि खाली मान घालून जेवली.

पुढच्या रविवारी सकाळी ती विहारात गेली होती. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर पासवर्ड होता, लपवलेला नव्हताच. मी तिच्या नावानं आत गेलो. व्यनि उघडले, म्हणजे फक्त त्या दोघींना दिसणारे निरोप. मनाची पूर्ण तयारी करून बसलो होतो की काहीतरी घाण निघणार आणि मी पोलिसांत जाणार.

काही निघालं नाही. ‘जेवली का माय.’ ‘परीक्षा हाय म्हणून जागू नको, डोळे दुखतात तुझे.’ ‘बाबावर रुसू नको, त्याला बोलता येत न्हाई.’ प्रज्ञानं एकदा विचारलं होतं, ‘तुमी कुठं राहता?’ त्यावर उत्तर – ‘जवळच.’ बस. असे पाच-सात निरोप. ‘त्याला बोलता येत न्हाई’ हे वाचून मला जो राग आला, तो खरं सांगतो, भीतीपेक्षा मोठा होता. ही कोण आमच्या घरातलं सांगणारी?

आणि मग मी ते केलं. मी माझ्या नावानं लिहायला पाहिजे होतं, ‘मी हिचा बाप आहे, तुम्ही कोण?’ असं. ते माझं कामच होतं. पण मी प्रज्ञाच्या नावानं लिहिलं. एकेक अक्षर शोधत अर्धा तास बसून लिहिलं. ‘मला तुमच्याशी बोलायचं नाही. तुम्ही माझ्या कोणी नाहीत. परत मला लिहू नका.’

तिथंच बसून होतो. दहा मिनिटांत उत्तर आलं.

‘बरं माय. वेळंवर जेवत जाय.’

मी दोन्ही निरोप पुसले. जुनेही सगळे पुसले. खाली वाकून फोनची वायर काढून ठेवली आणि प्रज्ञा आल्यावर सांगितलं, नेट बंद, दहावीनंतर बघू. ती भांडली नाही. मला वाटलं होतं भांडेल.

महिन्याभरानं मी शाळेच्या कॉम्प्युटरवरून त्या साइटच्या चालकांना पत्र लिहिलं, की अशा-अशा सभासदाची माहिती द्या, माझी मुलगी लहान आहे. त्यांचं सभ्य उत्तर आलं – शेवंती नावाचा सभासद आमच्याकडे कधी नोंदलाच गेलेला नाही. कुणी खातं बंद केलं तरी नाव राहतं, पण हे नावच नाही. मी तो धागा उघडून बघितला. तिचा प्रतिसाद नव्हता. पण त्या पुणेकर गृहस्थांचा प्रश्न होता, तसाच. ‘शेवंतीताई, तुम्ही ओळखता का प्रज्ञाला?’ आजही आहे.

त्यांनाही मी विचारलं. म्हणाले, हो, एक ओळ वाचल्याचं आठवतं, म्हणून तर विचारलं.

पुढच्या वर्षी शिरड शहापूरला सासरकडच्या एका लग्नाला गेलो. मांडवात एक म्हातारी बाई शेजारी येऊन बसल्या. “गुरुजी, ओळखलं का? तुमच्या लेकीच्या वेळचं बाळंतपण मी केलं.” गावच्या जुन्या नर्सबाई, रिटायर झालेल्या. बोलता बोलता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तारीख आठवते का? त्या म्हणाल्या, आठवत न्हाई पण घरी लिहून हाय. त्यांनी केलेल्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद छोट्या डायऱ्यांत होती, पत्र्याच्या पेटीत. मी पंगत सोडून त्यांच्या घरी गेलो.

तीच तारीख. गुरुवार. मुलगी.

“लाईट गेली होती त्या दिवशी,” सिस्टर म्हणाल्या. “तुमच्या सासूनं चिमणी धरली. कानामागचा तीळ मीच दाखवला कुसुमला. म्हणलं, लेकरू कधी हरवलं तर ह्याच्यावरून सापडंल. लई हसली ती.”

मी त्यांना विचारलं, हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं का, घरात कुणी कॉम्प्युटरवर बसतं का. त्यांच्या घरात कुणीच नव्हतं. इंटरनेट म्हणजे काय, ते त्यांनी मला विचारलं.

तीळ आणि तारीख ठाऊक असलेल्या बायका तीन. एक माझ्यासमोर बसलेली, दोन गेलेल्या. कुसुम चौथी शिकलेली, कॉम्प्युटर तिनं डोळ्यांनी पाहिला नव्हता. शेवंतीचं फूल तिला आवडायचं का, हे मी किती आठवून पाहिलं... नाही आठवत. आमच्याकडे सगळ्याच बायका ‘माय’ म्हणतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. मुलांना मी हेच शिकवतो, पुरावा असल्याशिवाय मानू नका. मग मी काय मानू?

त्या दिवशी घरी येऊन मी शिरा केला. तारीख जवळ नव्हती, काही नव्हतं, तरी केला. गाठी झाल्या होत्या. प्रज्ञाला म्हणालो, “तुझी तारीख बराबर निघाली. सिस्टरच्या डायरीत आहे.”

“मला ठावं होतं,” ती म्हणाली. शिरा खाल्ला. मग वाटी खाली ठेवून म्हणाली, “परीक्षा झाल्यावर मी सायबर कॅफेत जाऊन बघितलं, बाबा. तिचा एकबी निरोप नव्हता. ती पण गेली. मी काही चुकीचं लिहिलं असंल का?”

मी म्हणालो, “नाही, तसं काही नसेल.” एवढंच म्हणालो. उठून भांडी घासली.

आता ती औरंगाबादला बारावीत आहे, होस्टेलला. एक जूनला मैत्रिणींचे मेसेज येतात, ते ती घेते. खऱ्या तारखेला मी फोन करतो. “जेवलीस का?” विचारतो. दुसरं काही सुचत नाही. ती तारीख मी इथं लिहिलेली नाही, ती तिची आहे.

मुलांना इथं येऊ द्यावं की नाही, ते मला विचारू नका. अनोळखी माणसानं पोरीच्या कानामागचा तीळ सांगितला तर मी आजही घाबरेन, आजही चौकशी करेन. शेवंती कोण होती याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि आता मिळेल असं वाटत नाही. पण मुलांच्या मागं, मुलांच्या नावानं, एक ओळही लिहू नका. तेवढं मला सांगता येतं.

प्रज्ञा, तू अजून अशा साइट वाचतेस की नाही, मला माहीत नाही. फोनवर सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि जेवलीस का विचारून ठेवून दिला. म्हणून इथं लिहितो. तू काही चुकीचं लिहिलं नव्हतंस, बाळा. ती तुला सोडून गेली नाही. मी तिला जा म्हणालो, तुझ्या नावानं, आणि ती बरं माय म्हणाली.