एत्येनची मांडी

एत्येन गेल्याचं मला त्याच्या बायकोच्या पत्रातून कळलं. दीड महिना झाला त्याला. जपानमधल्या इचिकावातल्या आमच्या पत्रपेटीत विजेच्या बिलाखाली फ्रान्सचं तिकीट लावलेलं पाकीट पडलं होतं. अक्षर अनोळखी होतं. पाठवणाऱ्याचं आडनाव वाचलं आणि मी जिन्यातच बसले. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. कर्करोग, आठ महिन्यांचं दुखणं. पत्र दोन पानी होतं आणि सोबत पातळ कागदात गुंडाळलेला एक फोटो. पत्र मी तिथेच दोनदा वाचलं. फोटोचा कागद मात्र सोडवला नाही... धीर झाला नाही. आमचा निरोप काही बरा झालेला नव्हता.

जपानमध्ये तेव्हा व्यावसायिक फुटबॉलचं वारं नुकतंच सुटलं होतं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी पुण्यात फ्रेंच शिकलेली, हिरोशीशी लग्न करून इकडे आलेली आणि एव्हाना जपानीतही बऱ्यापैकी भांडू शकणारी. जवळच्या एका क्लबनं फ्रान्सहून वीस वर्षांचा एक खेळाडू वर्षभरासाठी आणला आणि दुभाषी म्हणून मला नेमलं. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय हे एत्येननंच मला साखरेच्या पुड्या मांडून समजावलं, आणि ते मला आजही नीट सांगता येत नाही. तो डाव्या बाजूनं खेळायचा, जोरात पळायचा आणि त्याहून जोरात बोलायचा. त्याची उत्तरं जपानीत सभ्य करून सांगता सांगता माझी पुरेवाट व्हायची. त्याच्या गावच्या क्लबनं त्याला ‘तिकडे वर्षभर खेळून ये, मग बघू’ म्हणून पाठवलं होतं. त्या ‘मग बघू’वर त्याचा सगळा जीव टांगलेला होता.

रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. आमचं टेबल बसकं, भोवती जमिनीवर चौकोनी गाद्या. पहिल्या दिवशी त्याच्या त्या लांबलचक पायांचं काय करायचं हे कुणालाच सुचेना. शेवटी आमच्या सहा वर्षांच्या रीनानं त्याच्या गुडघ्यांवर हात दाबून त्याला मांडी घालायला शिकवलं. शिकवणी सगळी जपानीत, शब्द तेवढा मराठी. पठ्ठ्यानं ते इतकं मनावर घेतलं, की महिन्याभरात तो आल्या आल्या खिडकीजवळची निळी गादी पटकवायचा आणि “मांडी!” असं जाहीर करून ऐटीत बसायचा. वरण-भातावर लिंबू पिळून दोनदा वाढून घ्यायचा. मला मात्र घरातसुद्धा ‘मादाम’च म्हणायचा. पोरगं मला आवडायचं, हे आता सांगायला हरकत नाही.

शरद ऋतूत बातमी आली की त्याच्या फ्रान्सच्या क्लबचा माणूस येत्या शनिवारचा सामना पाहायला येतोय. पसंत पडला तर हिवाळ्यात एत्येन परत जाणार, थेट मुख्य संघात. त्याच्या आधीच्या रविवारी तो नेहमीसारखा आला, निळ्या गादीवर टेकला आणि उजवा पाय टेबलाखाली सरळ पसरून ठेवला.

“मांडी?” रीनानं विचारलं.

“आज दमलोय,” तो हसून म्हणाला.

रीना माझ्या कानाशी जपानीत पुटपुटली, “आई, त्याचा पाय वाकतच नाहीये.” मी तिला गप्प केलं. पण निघताना बूट घालायला तो खाली वाकला नाही. भिंतीला धरून त्यानं पाय कसाबसा बुटात सरकवला आणि माझ्याकडे न बघता दार ओढून घेतलं.

मंगळवारी क्लबच्या डॉक्टरांकडे सामन्याआधीची तपासणी होती. दुभाष्याच्या कामाचा नियम साधा असतो. समोरचा बोलेल तेवढंच सांगायचं आणि स्वतःचं मत घरी ठेवून यायचं. ‘तो म्हणतो’ असंही म्हणायचं नाही. त्याच्या जागी आपणच ‘मी’ म्हणून बोलायचं. डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतंय का? मी फ्रेंचमध्ये विचारलं. “नाही,” एत्येन म्हणाला आणि त्यानं डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. अशी विनवणी मी त्याच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती.

“मला कुठेही दुखत नाही,” मी जपानीत सांगितलं.

डॉक्टरांनी मान डोलावली, फॉर्मवर खूण केली, ड्रॉवरमधून आपला छोटा शिक्का काढला आणि शाईच्या डबीत टेकवला. चार दिवसांवर आलेला शनिवार, की पुढची दहा-पंधरा वर्षं? ते ठरवायचा हक्क त्याचा होता, माझा नव्हता. हे मला तेव्हाही स्वच्छ कळत होतं... शिक्का कागदाकडे निघाला.

“सेनसेई,” मी डॉक्टरांना म्हणाले, “आत्तापर्यंत बोलले ते त्यांचं होतं. आता माझं सांगते. एत्येन-सानचा उजवा गुडघा वाकत नाही. परवा माझ्या घरी त्यांना खाली बसता आलं नाही.”

एत्येनला जपानी येत नव्हतं. पण बोलताना माझा हात माझ्याच गुडघ्यावर गेला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरांनी शिक्का बाजूला ठेवला, त्याला झोपवलं आणि पाय हळूहळू दुमडत नेला. अर्ध्यावर येताच त्याच्या तोंडून जे निघालं त्याला दुभाष्याची गरज नव्हती. गुडघ्यातली कूर्चा फाटली होती. “यावर अजून एक सामना खेळले असते तर...” डॉक्टर म्हणाले आणि थांबले. ते अर्धवट वाक्य मी त्याला जसंच्या तसं सांगितलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. “तुम्हाला माझा आवाज म्हणून ठेवलंय, मादाम,” तो म्हणाला. “माझी आई म्हणून नाही.”

शनिवारी तो ट्रॅकसूट घालून बाकावर बसला. फ्रान्सचा पाहुणा मध्यंतरालाच उठून गेला आणि ते ‘मग बघू’ तिथेच संपलं. क्लबनं माझे अदबीनं आभार मानले आणि दुसरा दुभाषी आणला. नियम मी मोडला होता, तक्रार करायला मला तोंड नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डिसेंबरात परत जाण्याआधी एत्येन एका रविवारी भरून दिलेला माझा स्टीलचा डबा परत द्यायला आला. लख्ख घासलेला. रीनानं धावत जाऊन निळी गादी मांडली. मी म्हटलं, आत ये. “ट्रेन आहे,” तो म्हणाला. बूट न काढता दाराशीच उभा राहिला, रीनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. रीना बराच वेळ त्या गादीशेजारी बसून राहिली होती.

पुढे तो फ्रान्समधल्या लहान गावांच्या संघांतून खेळत राहिल्याचं कानावर यायचं. मोठ्या क्लबनं त्याला कधीच बोलावलं नाही. दर नव्या वर्षी मी कार्ड पाठवायचे, उत्तर येत नसे. मी केलं ते बरोबर केलं का, हे विचारून विचारून मी हिरोशीला भंडावून सोडलं. “काम म्हणून चूक,” एवढंच तो म्हणायचा. पुढचं त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. मीही कधी खोदून विचारलं नाही, कारण मला उत्तराची भीती वाटायची. आजही वाटते.

एत्येनच्या बायकोनं पत्रात लिहिलंय, की तो छत्तिसाव्या वर्षापर्यंत खेळला. जपानचा विषय निघाला की ‘तिथे एका बाईनं मला थांबवलं’ एवढंच सांगायचा. रागानं म्हणायचा की मायेनं, ते तिलाही कधी कळलं नाही. बरोबरचा फोटो मी पाहावा असं तिला वाटलं, म्हणून पाठवलाय.

गेल्या रविवारी रीना तोयोसुहून आली. तिचं ऑफिस तिकडे आहे, म्हणून राहतेही तिकडेच. आमच्यातलं सगळं बोलणं आता जपानीतच होतं. ती खिडकीजवळच्या निळ्या गादीवर बसली. दोनदा अभ्रा बदललाय गादीचा, पण दोन्ही वेळा मी निळाच घेतला. मी पाकीट तिच्या हातात दिलं, म्हटलं, तू आधी बघ. तिनं कागद सोडवला आणि फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मग एकच शब्द म्हणाली, मराठीत.

“मांडी.”

मी फोटो हातात घेतला. दवाखान्याचा पलंग, हाताला नळी, अंगावर ढगळ झालेला सदरा. चेहरा मी नंतर पाहिला. आधी गुडघे पाहिले. दोन्ही पुरते वाकलेले होते.