भीती वाटली की दांडी ओढायची

माझ्या ताईने आयुष्यभर शहराची बस चालवली. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे धरून बसतात. ही उडायला शिकली. तेही धड विमान नाही हो! वर कापडी पंख, खाली तीन चाकांचा सांगाडा, पाठीमागे गरगरणारा पंखा आणि हातात एक आडवी दांडी. नोकरीत कधी दांडी न मारलेली बाई आता रोज सकाळी दांडी धरून बसायची.

आईने तिच्याशी बोलणंच टाकलं. ताई घरात आली की आई भिंतीकडे तोंड करायची. शेवटी ताईनेच तोड काढली. "धाकट्याला एकदा मागे बसवते. तो नको म्हणाला तर सोडते. शब्द देते." धाकटा म्हणजे मी. आणि काय म्हणायचं ते मी घरातून निघतानाच ठरवलं होतं. माझी एकुलती एक बहीण कापडाला टांगलेली मला बघवत नव्हती.

मैदानावर पोचलो तर आधी झडतीच. "खिशात काय आहे?" मोबाइल काढला, रुमाल काढला, पेन काढलं. "अजून?" मी चिडून किल्ल्या आपटल्या.

"सुटलेली वस्तू थेट मागच्या पंख्यात जाते," ती म्हणाली, दारात लोंबकळणाऱ्या प्रवाशाला दटावावं तशी. माझा पट्टा तिने ओढून पाहिला, परत एकदा पाहिला. माझ्या तोंडाचा पट्टा मात्र सुरूच होता.

पुढे ती, मागे मी, बोलायला कानावर हेडफोन. माणूस चालतो त्या वेगाने निघालो. जमिनीवर हे प्रकरण पायांनी वळतं, आणि तेही उलटं: उजवा पाय रेटला की डावीकडे. "शिकताना मी बसच्या सवयीने दांडीच फिरवायचे," ती म्हणाली. "वर पंख डुलायचा आणि चाक सरळ कुंपणाकडे! मास्तर कपाळाला हात लावायचे." मला अजिबात हसू आलं नाही.

धावपट्टीच्या तोंडाशी ती थांबली. खांबावरची कापडी पिशवी कुठल्या वाऱ्याने फुगलीय ते पाहिलं, वरून कोणी उतरत नाही ना तेही पाहिलं. थांब्यावरून बस काढताना आरशात बघायची, तसंच निवांत. मग इंजिन ओरडलं, आम्ही धावत सुटलो, तिने दांडी जराशी पुढे ढकलली, पुढचं चाक उचललं गेलं आणि जमीन सुटली.

आणि लगेच हिने दांडी स्वतःकडे ओढली! नाक खाली झुकलं.

"ताई, वर घे! ढकल ना ती!" मी तिचे खांदे गच्च धरले.

"खांदे सोड, राजा." आवाज जराही चढला नाही. "वेग येऊ दे."

वेग आला, आणि आम्ही छान चढत गेलो. पुरेशी उंची आल्यावर तिने इंजिन हळू केलं, दांडी सैल धरली. खाली तिचा जुना डेपो दिसत होता, बस धुवायला रांगेत लागल्या होत्या.

"घाबरलं की जो तो दांडी ढकलतो," ती म्हणाली. "वाटतं, जमीन लांब जाईल. तर नाक वर जातं, वेग मरतो, हवा पंखाला उचलून धरत नाही आणि माणूस पडतो. म्हणून भीती वाटली की जवळ ओढायची. हेच शिकायला मला सगळ्यात जड गेलं रे." मग जरा थांबून म्हणाली, "आईला काय सांगणार आहेस?"

उतरल्यावर मी किल्ल्या उचलल्या आणि तडक घरी आलो.

आई भिंतीकडेच बघत होती. "भीती वाटली?"

"वाटली ना! तिचे खांदे धरून ओरडलो."

"मग सांगितलंस तिला, सोड म्हणून?"

"नाही सांगितलं." आणि मी दांडीचं सगळं समजावलं. आईचं आपलं "हं, हं" चाललेलं. मग माझं डोकंच फिरलं. "अगं, तूही तेच करतेयस! घाबरतेस तिच्यासाठी, आणि ढकलतेस तिलाच!"

आईने भिंतीकडचं तोंड वळवलं. मग तिने फोन लावून दे म्हणून हात पुढे केला.

"जेवायला ये," ती फोनवर खेकसली. "ओरडणार तर आहेच मी. पण ये."