एकवीस नंबरची चतुराबाई

आमच्या वेळी अकोल्यात ‘नंबर’ या शब्दावाचून पान हलत नव्हतं. नळावर घागरींचा नंबर लागायचा, शाळेत पोरांचा नंबर यायचा, रेशनच्या दुकानात नंबर धरावा लागायचा. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, तर माणसालाच नंबर होता. चतुराबाईचा एकवीस, माझा बावीस. म्हणून बारा वर्षं आम्ही शेजारी बसून कापूस निवडला.

फाटकाजवळच्या फळीवर पितळी बिल्ले टांगलेले असत. मुकादम सूर्यभान “एकवीस!” ओरडला की ती “आली!” म्हणायची. बाकीच्या बाया कुरकुरायच्या, मायबापानं नाव काय उगाच ठेवलं? चतुराबाई म्हणायची, “नावानं हाक मारली का मांगून आडनाव येते, न आडनावामांगून जात येते. नंबराले कोनी काई इचारत नाई.” छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, तरी लोकांची विचारपूस काही थांबली नव्हती. म्हणून तिला त्या बिल्ल्याचा मोठा मान. पदरानं पुसून टांगायची.

बासष्टच्या सुमारास तिला कवडी दिसेनाशी झाली. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. पांढऱ्यात राहिला की सारी गठाण बिघडते. ती बोटांनी चाचपून काढायची, राहिलेली मी हळूच ओढून घ्यायची. पण दिवाळीनंतर हंगाम सुरू होताना मुकादम एकेकीपुढे ओंजळभर कापूस टाकून स्वतः उभा राहायचा. जिची कवडी राहिली, तिचा बिल्ला दुसरीला.

“चष्मा घे,” मी म्हटलं.

“अकोल्यात? कोनी पाह्यलं तं साऱ्या बाया मास्तरीन म्हनतीन मले.”

म्हणून अमरावती. तिची लेक ललिता राजापेठेत दिलेली. सकाळच्या एसटीनं गेलो, ते थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे हे मी सांगितलं, अन् चतुराबाईचं तोंड उतरलं. तिला अक्षर येत नव्हतं, आणि परक्या पुरुषासमोर ते कबूल करायचं म्हणजे मरण. मी दुसरी शिकलेली. तक्त्याजवळ पाण्याचा माठ होता. चार वेळा पाणी प्यायला गेले, दर वेळी एक ओळ पाठ करून आणली. तिचं डोकं तल्लख. जात्यावरच्या ओव्या याव्या तशी सारी अक्षरं तिला तोंडपाठ झाली.

डॉक्टर छडी ठेवायचे, ती म्हणायची. खालची मुंगीएवढी ओळसुद्धा धडाधड.

“बाई, तुम्हाला नंबरच नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुमचे डोळे माझ्याहून चांगले.”

आम्ही खुशीत बाहेर पडलो. चष्मा घ्यायला आलो होतो, हे गल्लीच्या टोकाला गेल्यावर आठवलं.

ललिता आधी पोट धरून हसली, मग चिडली. “माय, तुले डोये दाखवाचे होते का परीक्षा द्याची होती? अन् मावशी, तू बी?” हाताला धरून तिनं आम्हाला परत नेलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दुसरा तक्ता लावला. त्यावर अक्षरं नाहीत, नुसते तीन-तीन दात्यांचे आकार. दाते कोणत्या बाजूला आहेत, एवढं हातानं दाखवायचं.

“हे तं दाताळं हाये!” चतुराबाईनं लहानपणी पातूरला शेतात दाताळं ओढलेलं. “हे वर. हे डाव्या अंगाले. अन् हे... हे तं काईच नाई, धुई हाये.”

आठ दिवसांनी चष्मा आला. लावून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं अन् म्हणते, “जमुना, तू तं म्हातारी झाली व!”

हंगामाच्या पहिल्या दिवशी सूर्यभान तिच्यापुढे उभा राहिला. “काहो मास्तरीनबाई, शाळा कुठी भरली?”

बाया हसल्या. चतुराबाई कापसावर वाकली. अकरा कवड्या काढून तिनं ओळीनं मांडल्या. सूर्यभाननं ओंजळ दोनदा उपसली. काही सापडेना.

“एक राहिली,” चतुराबाई म्हणाली, आणि त्याच्या टोपीवरचा पिवळा पुंजका उचलून तिनं ओळीत ठेवली.

“एकवीस,” तो म्हणाला, आणि बिल्ला तिच्या हातात दिला. तिनं आधी बिल्ला पुसला, मग चष्मा.

पुढच्या हंगामात आणखी दोघी चष्मा लावून आल्या. अमरावतीला जाण्याआधी त्या मला विचारायला आल्या होत्या. मी एवढंच सांगितलं, तिथं माठ दिसला तरी पाणी पिऊ नका.