हेळव्यांच्या वहीत माझी लेक

सुगी झाली की आमच्या दारात मोटारसायकलवरून एक हेळवी येतात. घरोघरच्या वंशावळी सांगणं हा त्यांचा पिढीजात धंदा. आमच्या सात पिढ्यांचे पुरुष ते एका दमात म्हणतात, नाव कुठून आलं त्यासकट: हा जोतिबाच्या नवसाचा, हा आज्याच्या नावाचा. घरात पहिला पदवीधर मी झालो, तेही त्यांनी आपणहून वहीत टिपलंय. पण त्या वहीत मुलगी एकही नाही.

यंदा धीर करून म्हटलं, "मामा, माझ्या लेकीचं नाव लिहा."

त्यांनी सावकाश चष्मा पुसला. "काय नाव?"

"आरोही."

"कुणाचं ठिवलंय?"

"मोबाईलवर सापडलं."

ते पोट धरून हसले आणि लिहू लागले. मी वाकून वाचलं: 'आरोही, मोबाईलातनं आलेली.'

"मामा, हेही लिहायचं?" मी विचारलं.

"व्हय की," ते म्हणाले, "उद्या हिची नातवंडं इचारत आली, तर माझ्या नातवानं काय सांगायचं?"