दगड नंबर सतरा आणि प्रस्तुत लेखिका

पवनीतल्या एका गल्लीत टिनाच्या शेडखाली तेवीस जुने दगड ठेवलेले आहेत. कुणाच्या विहिरीत निघालेले, कुणाच्या घराचा पाया खोदताना लागलेले. एकावर कमळ आहे, एकावर हत्तीचे मागचे दोन पाय आहेत, पुढचा हत्ती कुठे गेला कुणालाच माहीत नाही. गावातल्या एका मंडळाने ते गोळा केले, त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकले आणि बाहेर ‘संग्रहालय’ अशी पाटी लावली. या संग्रहालयाची एकुलती एक कर्मचारी म्हणजे रत्नमाला गजभिये.

रत्नमाला दहाला कुलूप उघडायची, पाचला लावायची. मधल्या वेळात झाडू मारायची आणि येणाऱ्यांच्या सह्या रजिस्टरमध्ये घ्यायची. येणारे म्हणजे महिन्याला चार-पाच जण, त्यातले दोघे पत्ता विचारायला आलेले. त्यांनी सही केल्याशिवाय तीही पत्ता सांगत नसे.

मंडळाचे सचिव चंद्रकुमारभाऊ निवृत्त मास्तर होते आणि त्यांना स्वच्छतेचे भारी वेड. “रत्नमालाबाई, दगड चमकले पायजे,” असे ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. म्हणून ती दर शनिवारी बादलीभर पाण्यात धुण्याचा सोडा कालवून, नारळाच्या काथ्याने तेवीसच्या तेवीस दगड घासायची. खरे म्हणजे बावीस. सतरा नंबरचा दगड कोपऱ्यात होता आणि त्याच्या डोक्यावर गांधीलमाश्यांचे पोळे होते. पहिल्या शनिवारी तिच्या भुवईवर दोन डंख बसले, त्यानंतर तिने सतरा नंबरचा नाद सोडला.

रजिस्टरमध्ये शेवटी ‘अभिप्राय’ असा एक रुंद रकाना होता. लोक सही करून निघून जायचे, रकाना कोराच. रत्नमालाला कोरी जागा बघवत नसे. ती स्वतःच त्यात लिहू लागली. “नं. ९ ले पीठ आलं. पुसलं.” पुढच्या आठवड्यात, “नं. ९ ले पुन्हा पीठ. सोडा जास्त टाकला.” मग, “नं. ४ ले पन पीठ. हत्तीच्या पायाचा पापुद्रा निंघाला.” आणि अधूनमधून, “नं. १७. गांधीलमाश्या. राहू दिलं.” असे तिने बारा वर्षे लिहिले.

एका डिसेंबरात नागपूरहून रीना मॅडम आल्या. जुन्या दगडी मूर्तींची निगा राखणे हाच त्यांचा व्यवसाय होता. त्यांनी नऊ नंबरच्या दगडावरची पांढरी भुकटी बोटाने घेतली आणि चक्क जिभेला लावली.

“अवो मॅडम!” रत्नमाला ओरडली. “थुका थुका! चहा पायजे असन तं मी आनतो ना!”

“मीठ आहे हे, ताई,” मॅडम म्हणाल्या.

मग त्या सही करायला रजिस्टरपाशी बसल्या आणि उठेचनात. पाने मागे मागे उलटत गेल्या. अर्धा तास झाला, तास झाला. रत्नमालाला वाटले, झाली चोरी उघडी. ती हात जोडून म्हणाली, “चुकलं मॅडम. जागा खाली दिसे म्हनून लिहिलं. खोडून टाकतो.”

“खबरदार एक अक्षर खोडलंत तर!” मॅडम म्हणाल्या. आणि त्यांनी तिला समजावून सांगितले. सोड्याचे पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत मुरते. पाणी सुकते, आत मीठ उरते, ते फुगते आणि दगडाची कातडी आतून फोडते. ती पुसते ते पीठ म्हणजे हेच मीठ, आणि त्याच्याबरोबर दगडाचा चुराही. सतरा नंबरचा दगड मात्र धडधाकट होता. त्याच्यावरच्या वेलीचे एकेक पान मोजून घ्यावे.

रत्नमाला ऐकत राहिली. नंतर तिने काथ्या उचलला आणि बाहेर नेऊन टाकला.

घरी ती जेवली नाही. नवरा तेजराम एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. त्याने विचारले, “का झालं वो अंकुशच्या माय? ताप हाये का?”

“दगडं मारले जी म्या,” ती म्हणाली.

तेजराम ताठ बसला. “कोनाले मारले? लागले का? पोलीस तं नाई आले?”

“तसे नाई जी. दगडंच मारले. बारा वर्षं मारून राहिली होती.”

तेजरामला पूर्ण प्रकरण समजायला भाताचे ताट थंड होईपर्यंत वेळ लागला. समजल्यावर तो म्हणाला, “दगड मेला हे मले अजून पटलं नाई. पन तू रडून नोको राहू.”

पंधरा दिवसांनी रीना मॅडमचा फोन आला. कला आणि वारसा जतन या विषयावरचे एक सहामाही नियतकालिक मराठी लेखांचा विशेषांक काढत होते. त्यांनी रत्नमालाला लेख पाठवायला सांगितले.

“मॅडम, मी दहावी नापास हाये.”

“बारा वर्षं दर आठवड्याला एकाच दगडाकडे पाहिलेला माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही. पास झालेल्यांतही नाही.”

लेखकांसाठीच्या सूचनाच अकरा पानांच्या होत्या. रत्नमाला त्या घेऊन मेघाच्या दुकानात गेली. मेघा आधार, सातबारा आणि परीक्षेचे फॉर्म भरून द्यायची, शेजारचीच मुलगी. तिने सूचना वाचल्या आणि म्हणाली, “मावशी, याच्यापेक्षा घरकुलाचा फॉर्म सोपा हाये.”

दोन महिने दुपारच्या वेळी दोघी बसल्या. रत्नमाला बोलायची, मेघा टाइप करायची. बीजशब्द द्या, असे लिहिले होते. “बीज म्हंजे धानाचं का वो?” रत्नमालाने विचारले. लेख ज्या शब्दांनी शोधता येईल असे चार-पाच शब्द, हे कळल्यावर तिने सांगितले, “लिव्ह. दगड, सोडा, पीठ, चूक.”

संशोधन पद्धती या मथळ्याखाली तिने सांगितले, “दर शनिवारी पाहिलं.”

“येवढ्यानं नाई होत मावशी. जरा वाढवून सांगा.”

रत्नमालाने विचार केला. “दर शनिवारी नीट पाहिलं.”

संदर्भसूचीत एकच नोंद झाली. “गोदावरीबाई, शेजारीण, तोंडी. त्यांच्या पाट्यालेही सोड्यानं धुतल्यावर असंच पीठ आलं होतं.” मेघाने वर्ष विचारले. रत्नमाला उठून गोदावरीबाईंना विचारून आली. त्यांच्या मोठ्या सुनेचे डोहाळजेवण झाले त्या वर्षी. मेघाने हिशेब करून आकडा टाकला.

शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पाचची मुदत असताना, दुपारी साडेतीनला मेघाला नवव्या पानावरची सूचना दिसली. परीक्षकांना लेखक कोण ते कळता कामा नये, लेखात ‘मी’ वापरू नये, ‘प्रस्तुत लेखिका’ असे लिहावे. लेखात तर ओळीओळीला मी धुतलं, मी पुसलं, मी चुकली. मेघा हसली. “एका मिनिटाचं काम हाये.” तिने कॉम्प्युटरला सांगितले, जिथे ‘मी’ दिसेल तिथे ‘प्रस्तुत लेखिका’ घाल. कॉम्प्युटरने दोनशे अठरा जागी घातले. वाचून पाहायला वेळ कुणाला होता?

लेख चढवताना ओटीपी लागला. नंबर तेजरामचा दिलेला आणि तेजराम गेला होता सिहोऱ्याला, बहिणीकडे. रत्नमालाने फोन लावला.

“आला का जी नंबर? सांगा लवकर.”

“आला. पन सांगनार नाई.”

“काहून?”

“त्याच्यातच लिहून हाये, कोनालेही सांगू नोका म्हनून. सारे लुटून राहिले फोनवर.”

“अवो, मी तुमची बायको बोलून राहिली!”

“आवाज तं कोनाचाही काढता येते आजकाल. माझ्या मायचं नाव सांग.”

“धुरपता!”

“ते तं साऱ्या पवनीले माहीत हाये. आमच्या लग्नात जेवन काहून उशिरा झालं ते सांग.”

“तुमचा मामा आचाऱ्याशी भांडला अन् आचारी वरणाचा गंज घेऊन पळाला! आता सांगता का येऊ सिहोऱ्याले?”

तेजरामने सहा आकडे सांगितले, प्रत्येक आकडा दोनदा, तिकीट नंबर वाचावे तसे. पाचला चार मिनिटे कमी असताना लेख गेला. मेघाने तोंड पुसले. रत्नमाला म्हणाली, “चहा सांग.”

एप्रिलात परीक्षकांचे शेरे आले. दोन परीक्षक, दोघेही निनावी. पहिल्याने लिहिले होते की नोंदी दुर्मीळ आहेत, लेख अवश्य छापावा, मात्र भाषा तपासावी. दुसऱ्याने दीड पान लिहिले होते. मेघाने ते मोठ्याने वाचले.

“एक. ‘पावसाळ्यानंतर दगडातून प्रस्तुत लेखिकाठ बाहेर येते’ या विधानाचा अर्थ लागत नाही. प्रस्तुत लेखिका दगडातून नेमकी कशी बाहेर येते?”

रत्नमालाने मेघाकडे पाहिले. मेघाने लेख उघडला. जिथे जिथे मीठ होते, तिथे तिथे प्रस्तुत लेखिकाठ झाले होते. ‘नेहमी’चे नेहप्रस्तुत लेखिका झाले होते. पापुद्रे ‘कप्रस्तुत लेखिका-जास्त’ निघत होते आणि एक दगड चक्क ‘जप्रस्तुत लेखिकानीत’ सापडला होता. मेघाने कपाळावर हात मारला. “मावशी, ‘मी’ साऱ्या शब्दांत घुसलेली हाये. मीठात, कमीत, जमिनीत नाई पन जमीनीत!”

“अन् वरून ‘जमीनीत’ची वेलांटी चुकली ते येगळंच,” रत्नमाला म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की फॉर्म भरायला आलेला बाबूलाल आपल्यालाच हसतात समजून परत निघाला. त्याला हाका मारून बोलवावे लागले.

पुढचा शेरा मात्र हसण्यासारखा नव्हता. “दोन. नुकसान सोड्यामुळेच झाले कशावरून? हवेमुळे, दमटपणामुळे झाले नसेल का? त्याच जागेतला, पण न धुतलेला एखादा दगड तुलनेसाठी होता का? नसल्यास निष्कर्ष ग्राह्य नाही.”

मेघाचा चेहरा पडला. रत्नमाला मात्र खुर्ची पुढे ओढून बसली. “हाच मानूस कामाचा हाये,” ती म्हणाली. “लिव्ह. हो जी, होता. नंबर सतरा.”

“काहून नाई धुतला हे विचारतील ना. तिथं काय लिवू?”

“खरं लिव्ह. गांधीलमाश्या चावल्या म्हनून.”

मेघाने शास्त्रीय भाषेत काहीतरी बसवायचा प्रयत्न केला, रत्नमालाने ते खोडायला लावले. मग तिने रजिस्टरमधल्या सतरा नंबरच्या एकोणचाळीस नोंदी तारखांसह लिहून दिल्या. शेवटी एक वाक्य स्वतः सांगितले: “बावीस दगड खराब झाले ते धुनाऱ्या बाईच्या हातानं झाले. ती बाई मीच हाये.” मेघाने आठवण करून दिली की ‘मी’ लिहायचे नसते. “तेवढी एक राहू दे,” रत्नमाला म्हणाली.

दुसऱ्या परीक्षकाने तेही राहू दिले. लेख स्वीकारला गेला आणि दिवाळीच्या आधी अंक आला. तेजराम तो घेऊन बसस्टँडवर गेला आणि जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांना दाखवत फिरला. कुणी विचारले, काय आहे लेखात, तर सांगायचा, “गांधीलमाश्यांचा फायदा.”

चंद्रकुमारभाऊंनी लेख दोनदा वाचला आणि दोन दिवस संग्रहालयाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, नऊ नंबरसमोर उभे राहिले. त्यावरच्या कमळाच्या तीन पाकळ्या आता नव्हत्याच.

“लेखात माझं नाव टाकलं नाईत तुमी,” ते म्हणाले.

“कायले टाकू भाऊ? काथ्या माझ्या हातात होता.”

भाऊंनी गेलेल्या पाकळ्यांच्या जागेवरून बोट फिरवले. मग म्हणाले, “आता करायचं काय ते तरी सांगा.”

करायचे काय ते रीना मॅडमनी येऊन शिकवले. जुन्या कागदांचा लगदा करायचा, बॅटरीत घालतात तसल्या शुद्ध पाण्यात भिजवायचा, दगडावर थापायचा आणि सुकू द्यायचा. सुकताना लगदा दगडातले मीठ ओढून घेतो. हिवाळाभर रत्नमाला आणि चंद्रकुमारभाऊ मिळून लगदा थापत होते. भाऊंना दर दोन तासांनी तो काढून बघायची घाई व्हायची, रत्नमाला त्यांच्या हातावर चापट मारायची तेवढी बाकी ठेवायची. लगदा थापलेले दगड पाहायला मात्र गर्दी होऊ लागली. एका शाळेची सहल आली आणि पोरांनी अभिप्रायाचा रकाना पुरता भरून टाकला. रत्नमालाने नोंदींसाठी वेगळी वही घातली.

चार नंबरला आता पीठ येत नाही. नऊ नंबरला अजून येते, पण थोडे.

फेब्रुवारीत रीना मॅडमनी फोन करून विचारले, लगद्याच्या प्रयोगावर दुसरा लेख लिहिणार का, नियतकालिकवाले विचारत आहेत.

“लिहीन ना मॅडम,” रत्नमाला म्हणाली. “पन अजून कायीच समजलं नाई. तीन पावसाळे पाहू द्या मले. मंग सांगतो.”